चांदणी चौकातून पाच किनारे: ‘आउटरन २’ सुटा करून पाहताना

१ जून २०२५, रविवार

काय करायचंय ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ऑगस्टपर्यंत भलतीकडे गेलो तर हे पान स्वतःलाच दाखवता येईल.

सेगाचा ‘आउटरन २’ हा गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम पुन्हा नीट खेळायचा. त्यातल्या दोन गोष्टी सुट्या करून समजून घ्यायच्या: ड्रिफ्ट (वळणावर मागची चाकं घसरवत गाडी तिरकी नेणं) आणि फाटा (टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फुटणाऱ्या दोन वाटा). मग त्याच दोन गोष्टींवर गोडो ४ या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा खेळ उभा करायचा. पुण्यातून निघायचं, घाट उतरायचा, समुद्राला लागायचं. शर्यत नाही.

हे शेवटचं मुद्दाम. १९८६ च्या पहिल्या ‘आउटरन’चे कर्ते यु सुझुकी त्याला रेसिंग गेम नाही, ड्रायव्हिंग गेम म्हणत आले आहेत. मधल्या काळात ‘टर्बो आउटरन’ (१९८९) आणि ‘आउटरनर्स’ येऊन गेले, पण नावापुढे २ लागला तो थेट २००३ मध्ये. तोही आर्केडसाठी, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रासाठी, सेगाच्या चिहिरो बोर्डावर. म्हणजे आतून जवळपास एक्सबॉक्सच: ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणि एनव्हिडियाची चिप. पुढच्या वर्षी सुमो डिजिटलने तो एक्सबॉक्सवर आणला.

माझ्याकडे ‘आउटरन २००६: कोस्ट टू कोस्ट’ची पीसी डिस्क आहे. ‘आउटरन २’ आणि त्याची वाढीव आवृत्ती ‘आउटरन २ एसपी’ या दोन्हींचे टप्पे तिच्यात आहेत. आज कुठल्या डिजिटल दुकानात हा खेळ विकत मिळत नाही, म्हणून डिस्क कपाटात वर, पावसाळी ओलीपासून लांब.

८ जून, रविवार

रुंद मॉनिटरवर चित्र नीट बसावं म्हणून चाहत्यांनी केलेला पॅच लावला. पुढे काही कटकट नाही.

दिवसभर एकच काम केलं, ड्रिफ्ट. वळण येण्याआधी पाय गॅसवरून काढायचा, ब्रेकला नुसता स्पर्श, स्टिअरिंग वळणाकडे आणि लगेच पुन्हा गॅस. मागची चाकं सुटतात, गाडी तिरकी होते आणि तशीच वळण कापत जाते. खऱ्या गाडीचा यात वेग जाईल. इथे जवळजवळ जात नाही. कठड्याला घासलात तर मात्र भसकन उतरतो.

आजवर वाटायचं की ड्रिफ्ट मारता येणं हीच या खेळातली करामत. पण ते कुणालाही जमतं, खेळ त्यासाठी हात पुढे करूनच उभा असतो. अवघड आहे ते त्यातून बाहेर पडणं. रस्ता सरळ व्हायच्या किंचित आधी स्टिअरिंग मध्यावर आणावं लागतं. उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला झटका देते. पाठोपाठ दुसरं वळण असेल तर पहिला ड्रिफ्ट पुरता संपायच्या आत गाडी दुसऱ्या अंगावर घ्यावी लागते. वळणात शिरताना खेळ तुमचे लाड करतो, निघताना हिशोब मागतो. मला माझ्या खेळात उतरवायचं आहे ते हे.

भाचा आला होता. बराच वेळ मागे उभा राहून बघत होता.
“मामा, यात हरवायचं कुणाला?”
“घड्याळाला.”
“आणि बाकीच्या गाड्या?”
“त्या त्यांच्या कामाला चालल्यात.”
त्याला हे फारसं पटलेलं दिसलं नाही.

१४ जून, शनिवार

फाट्यांचं गणित. पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन वाटा, मग तीन टप्पे, चार, पाच. एकूण १५ टप्पे, पण एका खेळीत त्यातले ५ च दिसतात. चार फाटे, प्रत्येक ठिकाणी डावं किंवा उजवं, म्हणजे १६ मार्ग. १९८६ मध्ये हेच होतं आणि २००३ मध्येही तसंच ठेवलं.

शेवटच्या पाच ठिकाणांपर्यंत किती मार्गांनी जाता येतं ते कागदावर मांडलं: १, ४, ६, ४, १. मेरुप्रस्तार! पिंगलाच्या छंदःशास्त्रावर भाष्य लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात हाच मनोरा मांडला. चार अक्षरांत लघु-गुरूच्या १६ तऱ्हा, त्यात सगळी लघु असणारी एकच आणि दोन-दोन असणाऱ्या सहा. लघुच्या जागी डावं ठेवा, गुरूच्या जागी उजवं, झाला आउटरनचा नकाशा.

याचा कामाला उपयोग असा की दोन टोकांच्या किनाऱ्यांवर जायला प्रत्येकी एकच मार्ग आहे, तिथे पोचणाऱ्याने चारही वेळा एकच बाजू पकडलेली असते. मधल्या किनाऱ्यावर मात्र कसंही गेलं तरी पोचण्याची शक्यता जास्त. म्हणून सगळ्यात गाजलेली जागा मध्ये ठेवायची आणि टोकांना जरा आडवळणाच्या.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या आज शहरात मुक्कामाला. बाहेर गाडी काढण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नकाशा पसरून बसलो.

सुरुवात चांदणी चौक. दुसरी जागा सुचलीही नाही. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवं जाळं खुलं झालं, आणि तेव्हापासून पुणेकर तिथे रोज फाटा निवडण्याचा खेळ खेळतोच आहे. चुकीच्या रॅम्पवर चढलं की पुढची संधी बरीच लांब, हा नियमही आउटरनचाच.

शहराकडून पश्चिमेला तोंड केलं की डावीकडे कात्रज, उजवीकडे पौड रस्ता. तिसऱ्या ओळीत उजवीकडून मुळशी, भोर, खंबाटकी. चौथीत चार घाट: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली. पाचवीत उत्तरेकडून दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे.

मग प्रत्येक जोड खरा आहे का ते तपासलं. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळ्यावरून दिवेआगरही आणि हरिहरेश्वरही. बरोबर. वरंधा उतरून महाड, पुढे हरिहरेश्वर किंवा दापोलीकडे. आंबेनळी उतरून पोलादपूर, खेड, मग दापोली नाहीतर गुहागर. कुंभार्लीखाली चिपळूण, तिथून गुहागर किंवा गणपतीपुळे. भोरहून वरंधा तर आहेच, पण मांढरदेवीवरून वाईला उतरून महाबळेश्वरमार्गे आंबेनळीही गाठता येतो. खंबाटकीनंतर सुरूरला वळलं की वाई आणि आंबेनळी, सरळ गेलं की उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली.

वीसपैकी अठरा जोड खरे निघाले. खोटे दोनच: पौडहून थेट भोर आणि मुळशीहून थेट वरंधा. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. ‘आउटरन २’मध्ये पाम बीचवरून निघालेला माणूस पाच-सहा मिनिटांत बर्फ, जंगल, वाळवंट पालथं घालतो, तेव्हा दोन खोट्या जोडांना माफी असावी. तरी टोचतातच. मुळशी तालुक्यातल्या मित्राला हा नकाशा दाखवणार नाही.

२९ जून, रविवार

ड्रिफ्टचा कोड. गोडोची तयार वाहन-यंत्रणा वापरून पाहिली आणि बाजूला ठेवली. टायर, सस्पेन्शन, वजन सगळं प्रामाणिकपणे मोजून ती गाडी प्रामाणिकपणे दरीत नेते.

त्याऐवजी रस्ता म्हणजे एक वक्ररेषा. गाडीचे आकडे मोजकेच: रेषेवरचं अंतर, मध्यापासून डावं-उजवं सरकणं, वेग आणि गाडीच्या नाकाचा कोन. साध्या चालीत स्टिअरिंग गाडीला बाजूला सरकवतं आणि वळण तिला बाहेर ढकलतं. ड्रिफ्टमध्ये हे सगळं बदलतं. तिथे स्टिअरिंग दिशा ठरवत नाही, कोन ठरवतं. रस्त्याचं वळण गाडी आपोआप घेते, बाहेर ढकलणारं बळ जवळपास मिटतं आणि खेळणाऱ्याच्या हातात उरतं ते फक्त नाक किती तिरकं ठेवायचं. कमाल ३८ अंश ठेवलेत. त्याहून जास्त ठेवले की गाडी मागे बघत चालल्यासारखी दिसते.

बाहेर पडण्याचा हिशोब: कोन शून्यावर येताना स्टिअरिंग मध्यापासून जितकं दूर, तितका बाजूचा वेग गाडीत शिल्लक. हा शिल्लक वेग शंभर टक्के ठेवला तर खेळ छळतो. शून्य ठेवला तर ड्रिफ्ट हे नुसतं बटण होतं, दाबा आणि विसरा. ६० टक्क्यांवर हाताला बरं वाटायला लागलं.

१२ जुलै, शनिवार

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे काका स्वारगेट डेपोतून निवृत्त झालेले एसटी चालक. महाडच्या गाडीवर बरीच वर्षं काढली. मित्राचं स्टिअरिंग व्हील टेबलाला आवळून त्यांना बसवलं.

काकांनी वरंध्याचा कच्चा टप्पा अशा बेताने उतरला की मागच्या सीटवर कुणाची झोप मोडली नसती. निम्म्यातच वेळ संपला. त्यांना घड्याळ दाखवलं तर म्हणाले, “ते कंट्रोलरने बघायचं.”

मग मी ड्रिफ्ट मारून दाखवला. त्यांनी पेडलकडे बोट केलं.
“हे ब्रेकवर कशाला? घाट ब्रेकवर उतरत नाहीत, गिअरवर उतरतात. चढताना जो गिअर, उतरताना तोच.”

ब्रेक तापून पकड जाते म्हणून घाटात इंजिनावर वेग धरायचा, हे त्यांचं कारण. पण ‘आउटरन २’मध्ये हातगिअर घेतला तर वळणावर एक गिअर खाली टाकूनही ड्रिफ्ट सुरू होतो, आणि मी ते यादीत शेवटी ढकलून ठेवलं होतं. आज रात्रीच घातलं. घाटाच्या टप्प्यांत गिअरने सुरू केलेल्या ड्रिफ्टमध्ये वेग थोडा जास्त टिकतो. ही भर माझी, म्हणजे खरं तर काकांची.

गिअरवरून आठवलं. १९८६ च्या यंत्रावर दोनच गिअर होते. जपानी खेळाडूंनी शोधून काढलं की तो दांडा ठराविक तालात वर-खाली हिसकला की गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीतूनही पूर्ण वेगात पळते. त्याला ते ‘गिअर-गाचा’ म्हणतात. अशा पळवाटांवर माझा जीव आहे. मुद्दाम ठेवलेली पळवाट मात्र पळवाट राहत नाही, म्हणून ठेवलेली नाही.

१६ जुलै, बुधवार

रजा टाकून ताम्हिणी. शनिवार-रविवारी तिथे धबधब्यापेक्षा माणसं जास्त असतात, म्हणून आज.

गेले काही दिवस एक गोष्ट खुपत होती. कोड तोच, वळणाची त्रिज्या ‘आउटरन २’सारखीच, तरी घाटातला ड्रिफ्ट आंधळा वाटायचा. प्रत्यक्ष रस्त्यावर उभं राहिल्यावर कारण समोर दिसलं. ‘आउटरन २’मध्ये वळणात शिरतानाच त्याचं पुढचं टोक डोळ्यांना दिसतं. बाहेर पडण्याची वेळ साधायची तर ते दिसायलाच हवं. घाटात वळणाच्या आतल्या अंगाला डोंगर उभा. टोक त्याच्या मागे.

पण सगळी वळणं तशी नसतात. रस्ता डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो तेव्हा समोर कातळ असतो आणि पुढचं काही दिसत नाही. तोच रस्ता पुढे घळीत शिरतो तेव्हा दरी आतल्या बाजूला येते, आणि पलीकडच्या उतारावर पुढचा अख्खा रस्ता, त्यावरचा टेम्पोसुद्धा, दिसतो. सोंड, घळ, सोंड, घळ. घाट म्हणजे ही जोडी पुन्हा पुन्हा.

तेव्हा ठरलं: लांब ड्रिफ्ट फक्त घळीत. सोंडेची वळणं आखूड आणि साध्या चालीत निघतील अशी. चारही घाट याच हिशोबाने पुन्हा आखायचे.

येताना पौडला वडापाव खाल्ला. त्याची प्रकल्पात नोंद नको, पण चांगला होता.

२० जुलै, रविवार

फाट्याचं तांत्रिक काम. मूळ ‘आउटरन’च्या यंत्रात दोन रस्ते एकाच वेळी काढू शकणारं वेगळं हार्डवेअर होतं, म्हणूनच १९८६ मध्ये पडद्यावर रस्ता रुंद होत जाऊन डोळ्यांदेखत दुभंगायचा. बाकी सगळं चपटी चित्रं लहान-मोठी करून साधलेलं, मोटोरोलाच्या ‘६८०००’ नावाच्या दोन प्रोसेसरांवर. आज माझ्या लॅपटॉपला रस्ते काढायचं काही नाही, अडचण देखाव्यांची आहे. फाट्यापाशी दोन्ही पुढचे टप्पे तयार हवेत, आणि निवड झाल्यावर मागचा निसर्ग जाऊन पुढचा यायला हवा, मध्ये थांबा न घेता. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात अख्खं भोर उभं राहत नाही.

हा बदल झाकायला आडोसा लागतो. कात्रजच्या बाजूला बोगदा आहे, आयताच. खंबाटकीलाही बोगदा आहे असं कुणी सुचवेल, पण तो साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांसाठी. आपण जाताना घाट चढतो. तिथे बोगदा दाखवला तर निम्मं पुणे आणि उरलेला सातारा धावून येईल. म्हणून बाकी सगळीकडे खिंड. रस्ता दोन कातळांमधून जातो तेवढा वेळ पुढचा मुलूख मांडायला पुरतो.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. आकाशाचा रंग ठरवायचा राहिला होता तो आज ठरला.

सेगाच्या त्या काळातल्या खेळांचं निळं आकाश प्रसिद्ध आहे. पण सह्याद्रीवर ते निळं लावलं की डोंगर मे महिन्यासारखे भाजलेले हवेत, आणि डोंगर हिरवे ठेवले की आकाश करडं हवं. श्रावणात दोन्ही मिळतं. टप्प्याच्या मध्यावर एक सर येते, रस्ता ओला होतो, शिल्लक वेग ६० वरून ७५ टक्क्यांवर जातो, पाचेक सेकंदांत पुन्हा ऊन. वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो, तो खेळात उघडा ठेवला आहे.

संध्याकाळी नदीपात्रातून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज घरापर्यंत येतो. गणपतीपर्यंत आवाजाच्या चाचण्या हेडफोनवरच.

३ ऑगस्ट, रविवार

गाडी. ‘आउटरन २’मध्ये आठ फेरारी आहेत, डिनोपासून एन्झोपर्यंत, रीतसर परवान्याने. १९८६ मध्ये परवान्याविना टेस्टारोसा पळवली होती. गंमत अशी की परवाना घेतला म्हणूनच त्याला मुदत आली. २००९ चा ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ ती मुदत संपल्यावर दुकानांतून काढला गेला.

म्हणून माझी गाडी बिनबिल्ल्याची. टप नसलेली, दोन दारांची, झेंडूच्या पिवळ्या रंगाची. लाल नाही, लाल एसटीला हवा.

रस्त्यावरच्या बाकी गाड्या सगळ्या आपल्याच दिशेने चालतात, आउटरनच्या रिवाजाप्रमाणे. घाटात समोरून कुणीच येत नाही ही या खेळातली सर्वांत अशक्य कल्पना असावी. एसटी, दुधाचा टेम्पो, सामान बांधलेली एखादी जीप. नुसत्या पेरून चालत नाही. त्या अशा ठेवाव्या लागतात की ड्रिफ्टमधून बाहेर पडलं की अर्ध्या सेकंदात पुढची निवड समोर उभी असेल.

आणि अपघात. पहिल्या आउटरनमध्ये गाडी झाडावर आदळून कोलांट्या खाते, दोघंही बाहेर फेकले जातात, मग धुळीत बसलेले दिसतात. तिथे ते विनोदी आहे. आंबेनळीत २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. त्या घाटात गाडी उलटताना मी दाखवणार नाही. कठड्याला घासली की वेग जातो, जोरात आदळली की थांबते. दरी फक्त बघायला.

१० ऑगस्ट, रविवार

भाच्याने ‘आउटरन २’चा हार्ट अटॅक मोड पाहिला. शेजारी बसलेली मुलगी सांगत जाते, ड्रिफ्ट मार, गाड्या ओलांड, शंकू उडव, आणि खूश झाली की बदाम देते. तो म्हणाला, “मामा, आपल्यात शेजारी आजी बसव. तिला घाटात मळमळतं.”

झकास आहे हे. आजी मोड: ड्रिफ्ट हवे तितके मारा, पण बाहेर पडताना झटका बसला की आजीच्या हातातलं लिंबू तोंडाशी जातं. तीनदा गेलं की गाडी थांबवावी लागते आणि वेळ जातो. सफाईने निघालात तर लिमलेटची गोळी. शिल्लक वेगाचा आकडा आधीपासून कोडमध्ये होताच, त्याला फक्त आजी जोडली. जूनपासून मी जे मोजत होतो ते आता कुणालाही न समजावता समजतं.

काकांना आजी मोड दिला. एकही लिंबू नाही. वेळ अर्थातच संपला.

१७ ऑगस्ट, रविवार

संगीत. निघण्याआधी रेडिओवर गाणं निवडायचं, ही मूळ खेळातली पद्धत ठेवली. हिरोशी कावागुची यांनी तेव्हाच्या तिन्ही चाली यामाहाच्या वायएम२१५१ चिपवर बांधल्या होत्या, एकावेळी आठ आवाज काढणारी सिंथेसायझर चिप. मी त्याच मर्यादेत काम करायचं ठरवलं: आठच आवाज, जास्त नाहीत. एक चाल झाली आहे. दुसरीत बासची ओळ आणि बाहेरचा ढोल एकमेकांशी भांडतात.

२४ ऑगस्ट, रविवार

पंधराही टप्पे जोडले गेले. १६ मार्ग एकदा तरी शेवटपर्यंत चालवून झाले. सर्वांत चांगला डावं-डावं-उजवं-उजवं: कात्रज, खंबाटकी, आंबेनळी, मुरूड-हर्णै. आंबेनळीत घळी एकापाठोपाठ येतात आणि तीन ड्रिफ्ट एका दमात जोडता येतात. सर्वांत रटाळ दिवेआगरचा, कारण मुळशीचा टप्पा नुसता पाण्याकाठून जातो. तिथे वळणं वाढवायची की देखावा बघू द्यायचा हे ठरत नाहीये. भाचा म्हणतो वळणं. काका म्हणतात असू दे, माणसाला पाणी प्यायला एक टप्पा हवा. तूर्त काकांचं ऐकलं आहे.

राहिलेलं: सर आल्यावर कुंभार्लीच्या खालच्या भागात सावल्या लुकलुकतात. गुहागरच्या टप्प्यात एसटी कधीकधी सुरूच्या बनात शिरते. पौड-भोर खिंडीला नाव द्यायचंय आणि देता येत नाही, कारण ती खिंडच नाही. बुधवारी गणपती. पुढचं विसर्जनानंतर.